क्रॉक पॉट दोन-दोन, तरी विंटरमध्ये उपाशी का मरतोस

आधी तुझा प्रश्न परत लिहिते म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. दोन वर्षं माइनक्राफ्ट खेळून तू आता डोन्ट स्टार्व्ह टुगेदर या जगण्याच्या गेमला आलायस, विल्सन हे कॅरेक्टर घेऊन खेळतोस, बेसवर दोन क्रॉक पॉट म्हणजे शिजवायची भांडी आहेत, आइस बॉक्स म्हणजे फ्रिज आहे, ऑटममध्ये खायला उदंड असतं, मिळेल ते मांस तू लगेच पॉटमध्ये टाकून शिजवून ठेवतोस आणि तरी दर वेळी पंचविसाव्या-सव्विसाव्या दिवशी भुकेने मरतोस. आणि शेवटी विचारलंयस की अजून एक पॉट बांधू का.

नको बांधू. पॉट दोन पुरतात, एकटा खेळत असशील तर एकसुद्धा पुरतो. तुझ्याकडे पॉट कमी नाहीयेत आणि मांसही कमी नाहीये, कमी पडतंय ते फिलर, म्हणजे मांसाबरोबर पॉट भरायला टाकायच्या बाकीच्या वस्तू. मी हा गेम बरीच वर्षं खेळतेय, नवीन मुलांबरोबर तर खूपच, आणि पहिल्या विंटरमध्ये मरणारे दहातले आठ जण असेच मरतात, फ्रिजमध्ये मांस पडलेलं असतं आणि पॉट भरायला बाकी काही नसतं, मग चारही खणात मांस कोंबतात आणि दोन दिवसांत सगळा साठा खलास.

तुझी सवय कुठून आली ते मला लगेच कळलं कारण मीही तिथूनच आले. माइनक्राफ्टमध्ये लगेच शिजवणं बरोबरच आहे. तिथं काहीच सडत नाही, कच्चं बीफ ३ हंगर (भूक भागवणारे गुण) देतं आणि स्टेक ८ देतो, कच्चं चिकन खाल्लं तर ३० टक्के चान्स की पोट बिघडणार, त्यामुळे भट्टीत दहा सेकंद किंवा स्मोकरमध्ये पाच सेकंद घालवून सगळं शिजवायचं, पेटीत टाकायचं, शंभर दिवसांनी उघडलं तरी स्टेक तसाच. शिजवण्यात तोटा हा प्रकारच नाही तिथं, फार तर कोळसा जातो, आणि एका कोळशात आठ नग होतात. आणि तिथं एक कच्चा तुकडा टाकला की एकच शिजलेला तुकडा बाहेर येतो, गणित संपलं.

इथं क्रॉक पॉटला चार खण आहेत. चार वस्तू आत जातात आणि एकच डिश बाहेर येते. हे सगळ्यांना दिसतं पण त्याचा अर्थ डोक्यात उतरायला वेळ लागतो, मला तरी लागला. पॉट त्या चार वस्तूंची बेरीज करत नाही, तो फक्त रेसिपी जुळतेय का ते बघतो, आणि जुळली की त्या रेसिपीचे ठरलेले आकडे देतो, आत काय दर्जाचा माल होता याच्याशी त्याला देणंघेणं नाही. मीटबॉल्स म्हणजे ६२.५ हंगर. त्यात तू अस्सल मोठं मांस टाक, नाहीतर सशाचा छोटासा मॉर्सेल टाक, ६२.५ म्हणजे ६२.५.

आता बघ. मीटबॉल्सला लागतं काय तर कुठलंही एक मांस, अगदी अर्ध्या किमतीचा मॉर्सेलही चालतो, आणि बाकी तीन खणात काहीही खाण्यासारखं, फक्त काड्या म्हणजे ट्विग्ज नकोत. ते ‘बाकी काहीही’ म्हणजे फिलर. बेरीज, मशरूम्स, गाजर, बर्फ. एक मॉर्सेल शेकोटीवर भाजून खाल्लास तर साडेबारा मिळतात, तीन बर्फाचे तुकडे नुसते चघळलेस तर सगळे मिळून सातच्या आसपास, म्हणजे वीसभर हंगरचा माल. तोच माल पॉटमध्ये टाकून पंधरा सेकंद थांबलास की ६२.५. तिप्पट. आणि भट्टीसारखं इंधनही लागत नाही, पॉट एकदा बांधला की फुकट चालतो.

आता तुझा मीटी स्ट्यू घे. दीडशे हंगर देतो म्हणून तुला भारी वाटतो, तू लिहिलंयस की चार मांसं टाकून एक स्ट्यू बनवतो आणि एकदा खाल्लं की दोन दिवस बघायला नको. त्याला खरं तर तीन मांसं पुरतात, चौथं तू उगाच घालवतोस. पण तीन धरली तरी, तीच तीन मांसं तीन वेगवेगळ्या पॉटमध्ये तीन-तीन फिलर घालून टाकली असती तर तीन मीटबॉल्स झाले असते, १८७.५. चार टाकतोस तर चारांचे अडीचशे झाले असते, तू दीडशे घेतोयस. शिवाय विल्सनचं पोटच दीडशेचं आहे, म्हणजे स्ट्यू पूर्ण वसूल करायचा तर भूक शून्यावर आल्यावर खायला पाहिजे, आणि शून्यावर आल्यावर हेल्थ अशी धडाधड पडते की भरलेली दीडशे हेल्थ दोन मिनिटांत साफ. तेवढा धीर कुणाकडे नसतो, तू पन्नास-साठवर असतानाच खात असणार, म्हणजे त्यातले पन्नास-साठ हवेत गेले. (स्ट्यू वाईट आहे असं नाही, पोट मोठं असलेल्या कॅरेक्टरला किंवा मांस अक्षरशः सडायला आलंय आणि फिलर नाही अशा वेळी मी पण करते. पण रोजचं जेवण म्हणून नाही.)

मग विंटरमध्ये नेमकं काय होतं ते सांगते. डिफॉल्ट सेटिंगला ऑटम २० दिवसांचा, एकविसाव्या दिवशी विंटर लागतो आणि १५ दिवस राहतो. त्या पंधरा दिवसांत बेरीची झुडपं थांबतात, मधमाश्या पेटीतून बाहेर येत नाहीत. मांस मात्र चालू राहतं, ससे बिळातून निघतातच, कोळी घरट्यातून निघतातच, हाउंड्स म्हणजे शिकारी कुत्र्यांचा हल्ला आला की ते तर घरपोच मॉन्स्टर मीट, म्हणजे राक्षसी प्राण्यांचं मांस, आणून देतात. म्हणजे मांस येत राहतं आणि फिलर बंद होतो. आणि तू ऑटमभर काय केलंस, बेरी तोडली की तिथंच खाल्ली आणि मांस साठवलं. बरोबर उलटं झालं.

हिशेब काढू. विल्सनला दिवसाला ७५ हंगर लागतात. पंधरा दिवसांचे झाले ११२५. भागिले साडेबासष्ट, अठरा मीटबॉल्स. म्हणजे अख्ख्या विंटरला अठरा मांसं आणि चोपन्न फिलर. मांसाचा स्टॅक, म्हणजे एका खणात मावणारा ढीग, वीसचा असतो, बर्फाचा चाळीसचा, म्हणजे आइस बॉक्सच्या नऊ खणांपैकी एक खण मांसाला आणि दोन खण बर्फाला, झाला विंटर. सहा खण मोकळे. मला हा हिशेब पहिल्यांदा कुणीतरी करून दाखवला तेव्हा मी दोन मिनिटं गप्पच बसले, कारण तोवर मी तीन फ्रिज भरून ठेवायचे आणि तरी उपाशी मरायचे.

बर्फावर जरा थांबते कारण सगळी खुबी त्यात आहे. खडकाळ भागात छोटे हिमनग दिसतात, मिनी ग्लेशियर, ते कुदळीने फोडले की बर्फ मिळतो. समरमध्ये ते वितळून डबकं होतात आणि विंटरमध्ये परत वाढतात, म्हणजे जेव्हा बाकी बहुतेक फिलर बंद होतात नेमका तेव्हाच हा एक फिलर भरभरून मिळतो. बर्फ खिशात ठेवलास तर वितळत जातो, पण आइस बॉक्समध्ये ठेवलास की त्याचं घड्याळ पूर्ण थांबतं. बाकी सगळ्या खाण्याला फ्रिज फक्त निम्म्या वेगाने सडवतो, थांबवत नाही, बर्फाला मात्र थांबवतो. म्हणून ऑटममध्ये कुदळ घेऊन एक फेरी मार, चाळीसचा एक स्टॅक आण आणि फ्रिजमध्ये टाकून विसरून जा. विंटर लागला की पुन्हा एक फेरी. थंडीत फिरताना ऊब धरून ठेवणारा थर्मल स्टोन जवळ ठेव, नाहीतर भुकेच्या ऐवजी गारठून जाशील आणि मला दोष देशील.

आता मॉन्स्टर मीट, कारण तू लिहिलंयस की ते तू टाकूनच देतोस. अरे तेच तर तुझं विंटरचं मुख्य मांस! कच्चं खाल्लं तर हेल्थ २० आणि सॅनिटी (डोकं ताळ्यावर असण्याचे गुण) १५ जाते, हे खरं, त्यामुळे लोक घाबरतात. पण पॉटमध्ये एक मॉन्स्टर मीट आणि तीन बर्फ टाकले की साधे मीटबॉल्सच होतात, विषबिष काही उरत नाही, ६२.५ हंगर, वर ३ हेल्थ आणि ५ सॅनिटी मिळते. नियम एकच, एका पॉटमध्ये एकच. दोन पडली की मॉन्स्टर लझान्या होतो, आणि तो मीटबॉल्सला बाजूला सारून होतो कारण त्याची प्रायॉरिटी वर आहे, खाल्लास की २० हेल्थ आणि २० सॅनिटी खलास. मी एकदा रात्रीच्या अंधारात, शेकोटी विझत आलेली, मागे हाउंड्स भुंकतायत अशा गडबडीत पॉट भरला, एक मॉन्स्टर मीट टाकलं, तीन बर्फ टाकायचे तर दोनच टाकले आणि चौथ्या खणात हात चुकून परत मॉन्स्टर मीटच. पॉटवर ती जांभळट डिश आलेली दिसत होती तरी न बघता खाल्ली. हेल्थ होती अठरा. पुढचं सांगायला नको.

तर डिश झाली की पॉटच्या तोंडाशी तिचं चित्र दिसतं, ते बघ आणि मग उचल. एवढी एक सवय लाव.

मशरूमचंही तसंच. लाल मशरूम कच्चं खाल्लं तर २० हेल्थ जाते, हिरवं कच्चं खाल्लं तर सॅनिटी ५० ने कोसळते, पण पॉटच्या दृष्टीने ती फक्त अर्धी भाजी आहे, विषारी आहे की नाही ते तो विचारत नाही. म्हणून लाल मशरूम दिसलं की मी तोडते, खात नाही, फिलरच्या खणात टाकते. ट्विग्ज मात्र फिलर म्हणून वापरू नकोस. एक काडी पडली की मीटबॉल्स रद्द होऊन कबाब होतात, साडेसदतीस हंगर, आणि दोन-तीन पडल्या की वेट गूप नावाचा चिखल, ज्याचा शून्य उपयोग. काडीचा खरा मान माशाबरोबर आहे, एक मासा एक काडी आणि दोन फिलर टाकलेस की फिशस्टिक्स, ४० हेल्थ. मध पण जपून, मीटबॉल्समध्ये चुकून मध पडला तर हनी नगेट्स होतात आणि हंगर साडेसदतीसवर येतं. हेल्थ वीस मिळते, त्यामुळे जखमी असशील तर मुद्दाम कर, पण भुकेसाठी नको.

आता तुझा दुसरा प्रश्न, लगेच शिजवू की कच्चं ठेवू. याच्यावर लोक तावातावाने भांडतात आणि मी स्वतः बरीच वर्षं ‘जितकं उशिरा शिजवाल तितकं चांगलं’ असं सगळ्यांना सांगत फिरायचे. कारण पॉटचा एक नियम आहे, आत टाकलेला माल सरासरी जेवढा सडलाय त्यातलं निम्मं तो माफ करतो. म्हणजे चारही वस्तू अगदी लाल झाल्यात, वीस टक्के ताजेपणा उरलाय, तरी डिश साठ टक्के ताजी निघते. ऐकायला जादूच वाटते. मग एकदा कागद घेऊन बसले. मांस बाहेर सहा दिवस टिकतं, मीटबॉल्स दहा. आज ताजं शिजवलं तर दहा दिवस. सगळा माल मांसाबरोबरच जुना होत गेलाय असं धरून साडेचार दिवस थांबून शिजवलं तर माफी धरून डिश उरते सव्वासहा दिवसांची, एकूण पावणेअकरा. म्हणजे एवढी वाट बघून फायदा पाऊण दिवसाचा! डोक्याला हात लावला. फिलर ताजे असतील तर सरासरी वर जाते आणि फायदा वाढतो हे खरं, पण त्यासाठी मांस लाल होईपर्यंत श्वास रोखून बसायची गरज नाही.

तरीही मी कच्चंच ठेवते, पण कारण वेगळं आहे. कच्चं मांस हातात असलं की निवड हातात राहते. भूक लागली तर मीटबॉल्स, मार खाल्ला तर पिअरोगी ही हेल्थ देणारी डिश, पिंजऱ्यातल्या पक्ष्याला घालायचं तर तेही. एकदा चाळीस मीटबॉल्स करून बसलास की मग दुसऱ्या दिवशी हेल्थ वीसवर असली तरी तेच खायचं, तीन-तीन हेल्थ मिळवत. माझा एक मित्र असंच करायचा, आम्ही दोघं खेळत होतो, मी गुहेत गेले होते आणि त्यानं वर फ्रिजमधलं सगळंच्या सगळं मांस ‘सडायला नको’ म्हणून शिजवून टाकलं, स्ट्यूवर स्ट्यू. मी परत आले तेव्हा फ्रिजला जागा नाही म्हणून अर्धे स्ट्यू जमिनीवर मांडलेले. जमिनीवर खाणं दीडपट वेगाने सडतं. आठवडा संपेपर्यंत आमच्याकडे जगातलं सगळ्यात महागडं खत तयार झालं होतं.

सडण्याचे रंग तर तुला माहीतच असतील, हिरवं, पिवळं, लाल. पण नुसता रंग नाही बदलत. अर्ध्याच्या खाली गेलं की पिवळं होतं आणि हंगर दोन-तृतीयांश मिळतं, हेल्थ तर एक-तृतीयांशच. वीस टक्क्यांच्या खाली लाल, हंगर निम्मं, हेल्थ काही नाही. म्हणून भुकेच्या डिशेस पिवळ्या झाल्या तर एकवेळ चालतं, हेल्थच्या डिशेस हिरव्या असतानाच संपव. पॉटमध्येच ठेवून दिलेली डिश पण सडते बरं का, पॉट म्हणजे काही फ्रिज नाही. आणि पिवळ्या स्टॅकवर ताजं मांस टाकलंस तर दोन्हीची सरासरी होते, त्यामुळे कुठलं आधी वापरायचं हे डोळ्यांना कळेनासं होतं, मी नवा आणि जुना माल दोन खणात वेगळा ठेवते, जागा असेल तर.

फक्त एका बाबतीत आधी शिजवणं मला पटतं, पिअरोगी आणि बेकन अँड एग्ज. हे दोन्ही वीस दिवस टिकतात आणि फ्रिजमध्ये चाळीस, म्हणजे कच्च्या मांसाच्या कितीतरी पुढे. पिअरोगीला एक मांस, एक अंडं, एक भाजी आणि चौथा काहीही, मी बर्फ टाकते. हंगर साडेसदतीसच आहे पण हेल्थ ४०. तिसाव्या दिवसाच्या आसपास डिअरक्लॉप्स हा विंटरचा महाकाय राक्षस येतो, त्याच्यासमोर उभं राहायचं तर खिशात पाच-सहा पिअरोगी पाहिजेतच, आणि विंटरमध्ये भाजी मिळवणं कटकटीचं म्हणून ते ऑटम संपायच्या आतच करून ठेवायचे. मांस इथंही मॉन्स्टर मीट चालतं, एकच.

अंडी कुठून आणायची, तर पक्ष्याचा पिंजरा. पापायरस दोन, सोनं सहा आणि बिया दोन. पक्ष्याला मॉन्स्टर मीट कच्चं दाखवलंस तर तो घेत नाही, शेकोटीवर भाजून दिलंस की गपकन खातो आणि खाली अंडं टाकतो. नुसतं तेवढ्यासाठी मी पहिल्या पंधरा दिवसांत पिंजरा बांधतेच. कारण बघ, जे मांस एका पॉटमध्ये एकाहून जास्त चालत नाही तेच मांस पक्ष्यातून गेलं की स्वच्छ अंडं होतं, कसलं बंधन नाही. कोळ्यांच्या घरट्याशी एक चक्कर मारलीस आणि आठ-दहा मॉन्स्टर मीट मिळाली की त्यातली दोन भाजून पक्ष्याला, दोन अंडी आली, त्यात एक मॉन्स्टर मीट आणि एक मॉर्सेल, झालं बेकन अँड एग्ज. पंचाहत्तर हंगर म्हणजे बरोब्बर एका दिवसाचं जेवण, वर २० हेल्थ. फिलर एकही लागला नाही. मांसाच्या हिशेबात महाग आहे, साडेतीन मांसं जातात, पण ज्या दिवशी मांस उतू चाललंय आणि बर्फ आणायला बाहेर पडवत नाहीये त्या दिवशी हेच.

मॉर्सेल टाकायचा तो उगाच नाही. त्या रेसिपीला मांस एकापेक्षा जास्त लागतं, मॉन्स्टर मीट एक आणि मॉर्सेल अर्धा असं दीड होतं. नुसतं एक मॉन्स्टर मीट टाकून चौथ्या खणात बर्फ टाकलास तर ते जमत नाही आणि तू म्हणशील ताईनं खोटं सांगितलं.

खायचं कधी हेही लिहिते कारण त्यात पण बरंच वाया जातं. पोट दीडशे, मीटबॉल्स साडेबासष्ट, म्हणजे भूक सत्त्याऐंशीच्या खाली आल्याशिवाय खाऊ नकोस. नवीन लोक एकशेवीसवर असतानाच ‘भर घालू’ म्हणून खातात आणि निम्मं फुकट जातं. मी साधारण पन्नासच्या खाली आल्यावर खाते, पोटातून आवाज येतो तो येऊ दे, त्यानं काही होत नाही.

पॉट बांधायला तुला त्रास होतो असं लिहिलंयस, कोळसा कमी पडतो म्हणून. कोरीव दगड तीन म्हणजे साधे दगड नऊ, काड्या सहा आणि कोळसा सहा. कोळशासाठी बेसपासून लांब दाट झाडी बघ, एका झाडाला टॉर्च लाव आणि पळ, आग आपोआप पसरते, विझल्यावर काळी खोडं कुऱ्हाडीने तोड. पंधरा-वीस झाडं एकदाच जाळलीस की पॉट, सुकवायचे रॅक सगळ्याचा कोळसा निघतो. रॅकचं विसरलेच होते, ड्रायिंग रॅकवर मोठं मांस टांगलं की जर्की होते, वीस दिवस टिकते, २५ हंगर, २० हेल्थ आणि १५ सॅनिटी. भुकेसाठी नाही पण सॅनिटीसाठी मस्त, आणि लांबच्या प्रवासाला फ्रिज बरोबर नसतो तेव्हा खिशात हीच.

आइस बॉक्सला गिअर लागतो तो तुला कसा मिळाला माहीत नाही, बहुतेक क्लॉकवर्क नाइट हा यंत्राचा घोडा मारला असशील, शाब्बास, त्यावर नवीन लोक अडकतात.

एक गोष्ट मात्र लक्षात घे, हे सगळं मी विल्सन धरून लिहिलंय. उद्या वेबर हे दुसरं कॅरेक्टर घेतलास तर त्याला मॉन्स्टर मीट नुसतं खाल्लं तरी बाधत नाही. विगफ्रिड जवळजवळ फक्त मांसच खाते, वर्ट बरोबर उलटी, ती मांस खात नाही म्हणजे मीटबॉल्सच बाद. वॉर्ली तर स्वयंपाकीच आहे, त्याला पॉटमध्ये शिजलेलंच लागतं आणि तीच डिश परत परत दिली तर तिचा फायदा कमी कमी होत जातो, त्याच्याबरोबर खेळताना माझं हे अठरा मीटबॉल्सचं गणित फेकून द्यावं लागतं. वॉर्ली पहिल्या वर्षी घेऊ नकोस एवढंच म्हणेन.

शेवटी तू विचारलंयस की व्हॅलहाइम हा दुसरा जगण्याचा गेम घेऊ का, तिथं पण असंच उपाशी मरतात का. नाही मरत. तिथं भुकेने जीव जातच नाही, तीन वेगवेगळे पदार्थ पोटात ठेवायचे आणि त्यावर तुझी हेल्थ आणि स्टॅमिना किती ते ठरतं, रिकाम्या पोटी फक्त अगदी दुबळा राहतोस. पण तिथली मजा अशी की शेकोटीवर टांगलेलं मांस वेळेत काढलं नाहीस तर त्याचा कोळसा होतो. खरा कोळसा, भट्टीत घालायला उपयोगी पडतो. तुझ्यासारखा माणूस, जो पॉट भरून दुसरीकडे निघून जातो, त्याला तिथं भट्टीसाठी कोळसा कधी कमी पडायचा नाही.

सध्या मात्र हाच वर्ल्ड चालू ठेव. अठराव्या दिवशी फ्रिज उघड आणि बर्फ मोज. चाळीसच्या खाली असेल तर बाकी सगळी कामं सोड आणि कुदळ घेऊन खडकांकडे निघ.